पडले तेव्हा काहीच झालं नव्हतं

ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुला दा सिल्वा १९ ऑक्टोबर २०२४ रोजी बाथरूममध्ये पडले. डोक्याला मागे मार लागला, टाके पडले. डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास नको म्हटल्यामुळे रशियातली ब्रिक्स परिषद हुकली. मग नेहमीची कामं सुरू झाली. ९ डिसेंबरला डोकं दुखू लागलं म्हणून एमआरआय काढला, तर कवटीच्या आत रक्तस्राव! साओ पावलोला हलवून लगेच शस्त्रक्रिया झाली. मध्ये सात आठवडे गेले होते.

राष्ट्राध्यक्षांचं पडणं जगाच्या लक्षात राहतं. घरातल्या माणसाचं घरचेच विसरतात. आमचे मामा मोरीत घसरले, टेंगूळ आलं, मामींनी हळद लावली, विषय संपला. बऱ्याच दिवसांनी त्यांची डाव्या पायातली चप्पल चालताना निसटू लागली आणि त्यांना त्याचा पत्ताच नसायचा. दुपारभर झोपायचे, बोलता बोलता शब्द हरवायचा. ‘आता वय झालं’ हे निदान सगळ्यांनी मिळून करून टाकलं. हृदयासाठी त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती, तिचा विचार कुणाच्याच मनात आला नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “मध्यंतरी कुठे पडला होतात का?” त्याच दिवशी सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या कडेने चंद्रकोरीसारखं रक्त साचलेलं होतं.

याला क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो. मेंदू आणि त्यावरचं ड्युरा नावाचं जाड आवरण यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही फाटतात. रक्त झिरपत राहतं, मेंदू हळूहळू दाबला जातो. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिनसारख्या गोळ्या आणि अति मद्यपान यांनी धोका वाढतो. उपचार मात्र ऐकायला वाटतो तितका भीतिदायक नाही: कवटीला छोटं भोक पाडून साचलेलं रक्त काढतात, काही काळ नळी ठेवतात. रक्त पुन्हा साचू शकतं. म्हणूनच लुलांच्या बाबतीत नंतर कॅथेटरने आवरणाची रक्तवाहिनीही बंद केली गेली. उपचारानंतर मामांच्या पायात चप्पल पुन्हा टिकू लागली.

प्रत्येक रक्तस्राव मात्र इतकी सवड देत नाही. अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९ मध्ये कॅनडात स्कीइंग शिकताना पडल्या. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. उठल्या, हसल्या-बोलल्या, आलेली रुग्णवाहिका परत गेली. थोड्याच वेळात डोकं दुखू लागलं. दोन दिवसांत, वयाच्या ४५व्या वर्षी, त्या गेल्या. कवटी आणि ड्युरा यांच्यामध्ये रक्त साचलं होतं. मार लागल्यावर माणूस काही काळ अगदी ठणठणीत दिसतो, हाच यातला दगा.

तिसरी तऱ्हा मार न लागताच येते. वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी मेंदूतली लहान धमनी फोडतं. कधी रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटतो आणि आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी क्षणात उठते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांना प्रेमाने नव्हे, दटावून सांगावं.

डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, हाक मारूनही नीट जाग न येणं, एका बाजूला अशक्तपणा, फिट, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लक्षणांची वाट न पाहता दाखवा. त्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, आणि डोकेदुखीवर घरातली अ‍ॅस्पिरिनही देऊ नका.

घरातलं वयस्क माणूस पडलं, तर दुधाचा हिशेब लिहिता त्याच कॅलेंडरवर ती तारीख टिपून ठेवा, आणि पुढचे दोन-तीन महिने डॉक्टरांकडे कशासाठीही गेलात तरी ती आधी सांगा.