एआयची सीट आणि कासवाची पाठ

सीईटीचा निकाल लागला की मोरगाव, सुपे, इंदापूरकडून एकच प्रश्न येतो : “सर, कॉम्प्युटर नाहीतर एआयला सीट कुठे मिळेल? पैशाचं बघू आम्ही.” पोराला काय आवडतं विचारलं, तर वडीलच उत्तर देतात, “त्याला काय कळतंय!” ज्याला चार वर्षं वर्गात बसायचंय त्याला कळत नसेल, तर जमीन विकून फी भरू नका, एवढंच माझं म्हणणं.

मेडिकल, सीए, एमपीएससीचे रस्ते तुम्हाला पाठ आहेत, ते सोडतो. जो मुलगा किंवा मुलगी मोटारीचा बंद पडलेला स्टार्टर उघडून बसते आणि ‘वाया गेली’ म्हणून बोलणी खाते, तिच्याबद्दल बोलू.

अशा हातांना कुठे काम असतं, त्याचं एक उदाहरण बघा. जानेवारी 2022 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या पाठीवर उपग्रह-ट्रान्समीटर बसवला. तिचं नाव ‘प्रथमा’. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याच्या वनविभागाचं कांदळवन प्रतिष्ठान यांचं हे काम. पुढच्या वर्षी गुहागरला ट्रान्समीटर लावलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पश्चिम किनाऱ्यावरची कासवं किती लांब जातात, ते त्यातून दिसलं.

पण असा एक ट्रान्समीटर लाखांत जातो, म्हणून कासवं मोजकीच. शिवाय खाऱ्या पाण्यातून रेडिओ लहरी जात नाहीत. कासव श्वास घ्यायला वर आलं तरच ठिकाण कळतं. खाली ते चरत होतं, झोपलं होतं की जाळ्यात धडपडत होतं, ते त्यातून समजत नाही. तिथे लागतो हालचाल मोजणारा सेन्सर. मोबाइल आडवा केला की पडदा फिरतो, तो याच्याच जोरावर. सुटा घेतला तर काही शे रुपयांत मिळतो. खरी कसोटी पुढे आहे : 100 मीटर खोलीवर पृष्ठभागाच्या अकरापट दाब, तिथे डबी गळता कामा नये, बॅटरी महिनोन्‌महिने पुरली पाहिजे, आणि नोंदी डबीतच साठत असतील तर डबी परत हाती आली पाहिजे. सेकंदाला 25 वेळा, तीन दिशांत मोजलं तर एका दिवसात 64 लाख 80 हजार आकडे. त्यातून ‘पोहणं’ आणि ‘खाणं’ वेगळं काढायला तुमचं लाडकं एआय लागतं. पण कासव कसं खातं हे माहीत नसलेल्या एआयवाल्याचा इथे उपयोग नाही.

“यात नोकरी आहे का, सर?” स्पष्ट सांगतो : कायमच्या जागा फार थोड्या. प्रकल्पावरची कामं, प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. घरचा हप्ता मुलीच्या पगारावर अवलंबून असेल तर या वाटेला पाठवू नका. मात्र हीच विद्या गोठ्यातही चालते. गाय माजावर आली की तिची हालचाल वाढते. गळ्यातला पट्टा ते याच सेन्सरने ओळखतो. बारामती-इंदापूरच्या दूधवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणून एआयच्या पाटीमागे न धावता इलेक्ट्रॉनिक्स घ्या किंवा प्राणिशास्त्र, आणि दुसरं स्वतः शिका. मत्स्यविज्ञानाची पदवी रत्नागिरीजवळ शिरगावला मिळते. पुढचं शिक्षण मुंबईच्या वर्सोव्याला, केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत. डेहराडूनला वन्यजीवशास्त्राची एमएस्सी आहे. कोणत्याही एजंटाची गरज नाही.

एक ताकीद. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय तिला हात लावणं गुन्हा. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातल्या चिंकाऱ्यालाही तोच कायदा. हौस असेल तर घरच्या शेळीच्या गळ्यात सेन्सर बांधा, दिवसभर तिच्यामागे वही घेऊन हिंडा आणि संध्याकाळी वहीतल्या नोंदी सेन्सरच्या आकड्यांशी ताडून बघा. दुसऱ्या दिवशीही मूल तेच करायला निघालं, तर माझ्याकडे घेऊन या. पुढच्या वेळी उत्तरं त्यालाच देऊ द्या, वडिलांनी बाहेर थांबायचं.