कोपऱ्यातला गडी निवडताना

भोसरी, गुरुवार

चि. बाळूस,


ताईचा फोन आला तेव्हा कळलं, की प्रो कबड्डीच्या लिलावाआधी नवी पोरं हेरायच्या कामावर संघाने तुला घेतलंय, आणि त्यातही कोपऱ्याचे बचावपटू शोधायचं काम तुझ्याकडे आलंय. फार आनंद झाला. चढाईपटू कुणालाही ओळखता येतो. तो गुण घेऊन येतो, फलकावर आकडा हलतो, मैदान ओरडतं. कोपरा ओळखायला मात्र सामना वेगळ्या नजरेने बघावा लागतो. ती नजर पहिल्याच हंगामात लागली तर पुढची वर्षं वाया जात नाहीत, म्हणून लगेच लिहायला बसलो.

तुला सांगायचं आहे ते एवढंच: पोरगा किती पकडी करतो ते नंतर बघ. चढाईपटू त्याच्यापासून लांब, समोरच्या कोपऱ्यावर गेलेला असतो तेव्हा हा काय करतो, ते आधी बघ.

समज, चढाई उजव्या कोपऱ्यावर चाललीय. सगळ्या मैदानाचे डोळे तिकडे. अशा वेळी डावा कोपरा कंबरेवर हात ठेवून उभा राहिला, तर वहीत त्याच्या नावापुढे काट मार. चांगला गडी आपल्या इनचा, म्हणजे लगतच्या बचावपटूचा, हात न सोडता बाजूच्या रेषेने वर सरकतो आणि मध्यरेषेकडची परतीची वाट अरुंद करत आणतो. चढाईपटू घाबरतो तो या सरकण्याला. त्याला घाई होते, तो लवकर वळतो आणि उजवीकडचा कव्हर, म्हणजे इनच्या पलीकडचा आतला बचावपटू, त्याला घेतो. गुण कव्हरच्या नावावर लागतो. डाव्या कोपऱ्याचं नाव कुणी घेत नाही. ते तुझ्या वहीत आलं पाहिजे.

तू मागे फोनवर अमेरिकेतल्या फुटबॉलबद्दल सांगत होतास, तेव्हापासून ते माझ्या डोक्यात आहे. त्यांच्याकडे ऑफेन्सिव्ह टॅकल म्हणून जो आडदांड गडी असतो, तो चेंडूला जवळजवळ हातही लावत नाही. आपल्या क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्याला अडवणं हेच त्याचं काम. त्याची उंची, हाताची लांबी, चाळीस यार्डांची धाव, सगळं मोजतात. पण जॉर्डन मैलाटा हा ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा पोरगा, अमेरिकी फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला. २०१८ साली फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला ड्राफ्टच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत उचललं. पुढे तो त्यांचा डावा टॅकल झाला आणि फेब्रुवारी २०२५मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या संघात होता. एवढ्या मोठ्या देहाचे पाय हलके आहेत आणि हा शिकेल, हे कुणाच्या तरी डोळ्याला दिसलं. नेमकं तेच तुला करायचंय, फक्त आपल्या मातीत.

मागच्या महिन्यात चाकणच्या बाजूला एका गावच्या उत्सवाच्या स्पर्धेत एक पोरगा पाहिला. डावा कोपरा. उंची बेताची, अंगाने सुका. त्याचं नाव तुला फोनवर सांगेन, पत्रात नको. टाचा सतत जमिनीपासून किंचित उचललेल्या, सगळा भार चवड्यांवर. डोळे चढाईपटूच्या हातांवर नव्हते आणि तोंडाकडेही नव्हते. ते कंबरेवर होते, कारण हात हूल देतात, खांदे हूल देतात, कंबर देत नाही. समोरचा बोनसला पाय टाकून दोनदा गेला, याने दोन्ही वेळा बोनस जाऊ दिला. कडेला बसलेले गावकरी शिव्या घालायला लागले. तिसऱ्या वेळी त्याच चढाईपटूने जरा सैल होऊन पाय पुढे रोवला, अंगाचा भार त्या पायावर आला, आणि त्याच क्षणी हा खाली गेला. दोन्ही हातांनी घोटा, डोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला, ढुंगण खाली, आणि घोटा वर उचलत मागे ओढला. इन आणि कव्हर पोचायच्या आत काम झालेलं होतं.

यात तीन गोष्टी बघण्यासारख्या होत्या, पण मला सगळ्यात आवडले ते सोडलेले दोन बोनस. आपली पोरं अॅडव्हान्स जातात. चढाईपटू अजून तोलात असतो आणि हे झेप घेतात. फसलेल्या पकडीत त्याला गुण मिळतो, आपला कोपरा बाहेर जातो आणि ती बाजू उघडी पडते. मैदानात सात गडी असताना कोपऱ्याला घाई कशाची? दोन चढाया रिकाम्या घालवल्या की तिसरी डू ऑर डाय होते आणि चढाईपटूला झक मारत आत यावं लागतं. तीनच गडी उरले असतील तर हिशेब बदलतो, कारण अव्वल पकडीचा जादा गुण असतो. तिथे धाडस शोभतं. कोण कधी थांबतो आणि कधी जातो, हे समोर किती गडी आहेत त्याच्याशी ताडून लिही. नुसत्या यशस्वी पकडी मोजल्यास तर उतावळा गडी शहाणा वाटेल. चांगल्या कोपऱ्याच्याही निम्म्याच्या आसपास पकडी फसतात, त्यामुळे फसल्यानंतर पुन्हा आत आल्यावर पहिल्या चढाईला तो काय करतो, ते जरूर बघ. जो सूड घ्यायला धावतो, त्याला वर्षभर शिकवावं लागेल. जो पुन्हा चवड्यांवर येऊन थांबतो, त्याला आजच घे.

आता पैशाच्या गोष्टी, कारण लिलावाच्या टेबलावर तुला त्या बोलाव्या लागतील. इराणचा मोहम्मदरेझा शादलू २०२१ साली पाटणा पायरेट्सला ३१ लाखांत मिळाला आणि पहिल्याच हंगामात ८९ पकडींचे गुण घेऊन सगळ्या बचावपटूंत वर राहिला. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२३च्या लिलावात, पुणेरी पलटणने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले. त्या हंगामात त्याचे गुण ९९ झाले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटण पहिल्यांदा विजेती ठरली. पुढच्या हंगामात तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरअखेर आपल्या बालेवाडीत हरियाणाने करंडक उचलला. बचावपटूला चढाईपटूएवढा भाव मिळू लागला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण तुझं काम २ कोटींचा गडी ओळखण्याचं नाही, तो सगळ्यांना ओळखू येतो. तुला ३१ लाखांच्याही आधीचा गडी हवा, सगळ्यात खालच्या गटातला, नव्या पोरांच्या यादीतला.

शिवाय हैदराबादचा तो अंतिम सामना पुन्हा बघ. पलटणच्या बचावात शेवटी उजव्या कोपऱ्यावरचा गौरव खत्री जास्त उपयोगी पडला, चार पकडींचे गुण त्याचे. चढाईपटू शादलूला टाळायला बघत होते, म्हणून ते दुसऱ्या अंगाला जात होते. एका कोपऱ्याची दहशत दुसऱ्या कोपऱ्याला काम देते. म्हणून कुठलाही कोपरा एकटा बघू नकोस. त्याच्या शेजारचा इन कोण आहे, कव्हर ब्लॉकला वेळेवर येतो का, हे बघितल्याशिवाय मत बनवू नकोस. बाणेरच्या सतेजसारख्या मुरलेल्या संघात खेळणाऱ्या पोराला साखळी तयार मिळते, त्याचे गुण जरा कमी धर. नवख्या गावच्या संघात एकट्याने बाजू राखणाऱ्याचे जरा जास्त धर. शक्य असेल तर त्याला अनोळखी कव्हरबरोबर खेळवून बघ. दोन-चार चढायांतच कळतं, हा शेजाऱ्याशी बोलतो का मुका उभा राहतो. मुका कोपरा मला कधीच आवडला नाही.

मातीवरचा गडी मॅटवर तसाच खेळेल असं धरून चालू नकोस. मातीत पायाची बोटं रुततात आणि पकड घेताना अंग घसरत पुढे जातं, ते बऱ्याचदा वाचवतं. मॅटवर बूट चिकटतो, अंग वळतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. पवन सेहरावतला २०२२ साली तमिळ थलायवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून त्याचा हंगाम संपला. तेव्हा गुडघे आणि खांदे नीट तपासून घे. डॉक्टर तपासतीलच, पण तू पोराला उकिडवा बसवून उठव, जिना उतरायला लाव, आणि पूर्वी खांदा निखळला होता का ते त्याच्या आईला विचार. पोरगं लपवेल, आई लपवत नाही.

वजनाचंही तसंच. प्रो कबड्डीत ८५ किलोची मर्यादा आहे, तिथपर्यंत अंग भरायला बऱ्याच पोरांना जागा असते. किशोर आणि कुमार गटात मात्र वजनात बसण्यासाठी पोरं दोन-दोन दिवस उपाशी राहतात, घाम काढत पळतात आणि मग सामन्यात मलूल दिसतात. वजन झाल्या दिवशी पाहिलेल्या पोराला नापास करू नकोस. त्याने पोटभर खाऊन एक आठवडा सराव केल्यावर पुन्हा बघ.

आपल्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे, ती मुंबईच्या माणसांना कळत नाही. तुला संध्याकाळी मैदानात दिसणारा पोरगा पहाटे पाचला उठून बसच्या थांब्यावर उभा असतो. निघोजे, खराबवाडी, म्हाळुंगे इथे खोली घेऊन राहणारी बीड, लातूर, धाराशिवकडची पोरं कारखान्यांत कंत्राटावर कामाला आहेत. (म्हाळुंगे म्हणजे चाकणजवळचं, बालेवाडीच्या शेजारचं नव्हे, तुझ्या संघाच्या गाडीवाल्याला हे आधीच सांग.) पहिली पाळी उभ्याने करून, वर ओव्हरटाइम करून रात्री नऊच्या सामन्यात उतरलेल्या पोराचे पाय जड असणारच. त्याला पाय जड आहेत म्हणून बाद केलंस तर तू त्याची पाळी बघितलीस, खेळ नाही. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत सुट्टी गुरुवारची असते. असा पोरगा गुरुवारी बघ. आणि एकदा मुद्दाम पाळीनंतरही बघ, कारण थकल्यावर ज्याची नजर कंबरेवर टिकते त्याला पुढे हंगामातल्या लांबच्या प्रवासाची भीती नाही. कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धाही सोडू नकोस. तिथे वय झालेले, पण खेळ समजलेले गडी असतात. त्यांच्याशी गप्पा मारल्यास, तर कुठल्या गल्लीत कोण तयार होतोय ते एका चहात कळतं.

वयाच्या दाखल्याबाबत कडक राहा. दाखला पुढचा-मागचा केलेला पोरगा कितीही चांगला असला तरी घेऊ नकोस. त्याच्या जागी एक खरा पोरगा बाहेर राहतो. प्रशिक्षकाने, नगरसेवकाने, कुणीही गळ घातली तरी तुझी वही दाखव आणि गप्प राहा. मध्यस्थाकडून चहाही घेऊ नकोस.

पोराच्या घरी गेलास तर आकडे बोलू नकोस. टीव्हीवर दोन कोटी ऐकलेले असतात, आणि बाप मनात ट्रॅक्टर घेऊन मोकळा होतो. तू फक्त एवढंच सांग, की चाचणीला बोलावणार आहोत, येण्या-जाण्याचं आणि राहण्याचं संघ बघेल, बाकी काही ठरलेलं नाही. चाचणीसाठी तो कामावर खाडा करेल, कंत्राटदार त्या दिवसाचे पैसे कापेल, कदाचित दुसऱ्या दिवशी गेटवर घेणारही नाही. म्हणून तारीख एकदाच दे, बदलू नकोस, आणि शक्यतो गुरुवारीच घे. संघाकडे आत्ताच ही मागणी लेखी ठेव.

चाचणी झाल्यावर ज्यांना घेणार नाही, त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नकोस. प्रत्येकाला तू स्वतः फोन कर. कशात कमी पडलास ते नीट सांग, डावा पाय आधी पडतो का, साखळी सुटते का, जे असेल ते. ती पोरं फोनची वाट बघत असतात आणि तेवढ्यासाठी हातातलं काम टाळत राहतात. त्याच रात्री फोन कर.

तुझा,
मामा