अर्धवाहक चिपवरील डीएनए संकेतांचे वाचन : द्रव्यनिश्चितीच्या दृष्टीने

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी व वनवासी यांना वनस्पतींची नावे व रूपे ठाऊक असतात, असे सांगितले आहे. त्यापुढे जाऊन योगही जाणणारा तो खरा द्रव्यज्ञ. आपल्या धाराशिव जिल्ह्यात पावसाळ्यात बांधावर उगवणारी पुनर्नवा आपण पानाफुलांवरून ओळखू शकतो. परंतु अशोकाची साल पोत्यात भरून बाहेरून येते, तेव्हा रूपज्ञान अपुरे पडते. त्या सालीत खोट्या अशोकाची, म्हणजे आसुपालवाची, भेसळ होते हे सर्वश्रुत आहे. अशा वेळी काही फार्मसीचालक डीएनए तपासणी करून घेतात. अहवाल हाती येतो. पण तो वाचावा कसा? चुकीच्या वाचनाने रक्तप्रदराच्या रुग्णास निराळेच द्रव्य दिले जाईल, अथवा प्रामाणिक पुरवठादाराचा चांगला माल परत जाईल. म्हणून या संकेतांचे मूळ समजून घेणे अगत्याचे आहे.

१. यंत्र काय मोजते?

डीएनएचा क्रम वाचण्याच्या बहुतेक पद्धती प्रकाशाच्या साहाय्याने चालतात. अर्धवाहक, म्हणजे सेमीकंडक्टर, पद्धतीत प्रकाश नाही. जोनाथन रॉथबर्ग व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे तंत्र मांडले. 'आयन टोरेंट' या नावाने ते परिचित आहे. चिपवर लक्षावधी सूक्ष्म विहिरी असतात. विहिरीतील मण्यावर एकाच डीएनए तुकड्याच्या असंख्य प्रती असतात. टी, ए, सी, जी हे घटक एकेक करून ठरावीक क्रमाने सोडले जातात. सोडलेला घटक साखळीत जोडला गेला की हायड्रोजन आयन मुक्त होतो व द्रावाचा सामू किंचित घटतो. एका घटकामागे हा बदल सुमारे ०.०२ इतका असतो. विहिरीच्या तळाशी असलेला संवेदक त्याचे विद्युत्दाबात रूपांतर करतो. म्हणजेच यंत्र अक्षरे पाहत नाही. ते आम्लतेतील बदल मोजते आणि अक्षरे त्यावरून अनुमानाने ठरतात.

२. संकेताचे वाचन

प्रत्येक तुकड्याच्या आरंभी टीसीएजी ही ज्ञात खूण जोडलेली असते. घटक टी, ए, सी, जी या क्रमाने दोनदा सोडले तर तिचा संकेत १, ०, १, ०, ०, १, ०, १ असा यावयास हवा. यावरून 'एक' व 'शून्य' यांची पातळी ठरते. त्यानंतरचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ :

टी १.०२, ए ०.०५, सी १.९६, जी ०.०८, टी ०.०४, ए १.०५, सी ०.०७, जी ४.५२.

वाचन असे : टी, सीसी, ए आणि त्यानंतर जी. येथे 'जी' चार की पाच? संगणक ४.५२ चे पाच करील. पण ते निश्चित ज्ञान नव्हे.

३. दोषांची कारणे

पहिला दोष एकाच अक्षराच्या रांगेचा. एकाचे दोन होताना संकेत दुप्पट होतो. पाचाचे सहा होताना तो केवळ २० टक्के वाढतो. म्हणून लांब रांगेत एखादे अक्षर गळते वा वाढते. दुसरा दोष ताल चुकण्याचा. काही प्रती एखादा घटक घेण्यास चुकून मागे राहतात, तर काही मागील फेरीतील उरलेला घटक घेऊन पुढे जातात. ही चूक साठत जाते. त्यामुळे वाचनाचा शेवटचा भाग कमी विश्वसनीय असतो. गुणांक २० म्हणजे शंभरात एक चूक संभवते. ३० म्हणजे हजारात एक.

वाचनांची संख्या वाढविल्याने यादृच्छिक चुका विरळ होतात. रांगेचा दोष मात्र पुनःपुन्हा त्याच जागी येऊ शकतो. अशा जागी विरुद्ध धाग्याचे वाचन पडताळावे आणि तरीही शंका राहिल्यास सँगर पद्धतीने खात्री करून घ्यावी.

४. द्रव्यनिश्चितीत उपयोग

वनस्पतींसाठी आरबीसी-एल, मॅट-के, आयटीएस-२ व पीएसबीए-टीआरएनएच हे डीएनए भाग वापरले जातात. यांपैकी शेवटच्या भागात एकाच अक्षराच्या रांगा आढळतात. तेथे केवळ रांगेच्या लांबीत फरक दिसला, तर लगेच भेसळ म्हणू नये. अशोक व आसुपालव ही भिन्न कुलांतील झाडे आहेत. त्यांच्यातील भेद अनेक ठिकाणी अक्षरबदलाच्या रूपाने विखुरलेला दिसावयास हवा.

चूर्ण, वटी व काढा यांबाबत अधिक सावधानता हवी. उष्णतेने डीएनए तुटतो. म्हणून काढ्यात वा घनात डीएनए न आढळणे म्हणजे द्रव्य नसणे नव्हे. उलट परागकण वा चक्कीतील धूळ यांचाही डीएनए सापडतो. तसेच वाचनांची टक्केवारी म्हणजे द्रव्याचे वजन नव्हे. २०१९ मध्ये युरोपच्या बाजारातील ७९ आयुर्वेदिक उत्पादनांचा डीएनए अभ्यास प्रसिद्ध झाला व त्यात लेबलाशी मोठी तफावत आढळली. त्याचा विचार करतानाही हे भान ठेवावे. मात्र तेवढ्यावरून भेसळीचा प्रश्न झटकून टाकू नये.

आणखी एक मर्यादा. मूळ व पान यांचा डीएनए एकच. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये अश्वगंधेची पाने वापरू नयेत अशी सूचना उत्पादकांस दिली. पण मुळाच्या चूर्णात पाने मिसळली असल्यास ते डीएनए सांगणार नाही. तेथे सूक्ष्मदर्शक व रासायनिक परीक्षणच हवे.

५. सारांश

अहवाल हाती आल्यावर चार प्रश्न विचारावेत : कोणता डीएनए भाग तपासला? त्या जागी किती वाचने मिळाली व गुणांक किती? फरक रांगेच्या लांबीचा आहे की विखुरलेल्या अक्षरांचा? तुलनेसाठीचा नमुना वनस्पतितज्ज्ञाने प्रमाणित केलेला होता काय? उत्तरे असमाधानकारक असतील, तर माल बाजूस ठेवून फेरतपासणी करावी; घाईने स्वीकारू नये, घाईने नाकारूही नये. कच्चा माल तर दळण्यापूर्वीच, अखंड असताना तपासावा. आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान यांनी आपण रोगपरीक्षा करतो. द्रव्यपरीक्षेतही यंत्राचे अनुमान प्रत्यक्षाशी ताडून पाहावे, हेच शास्त्रास धरून आहे.