आजारी लेकराला संघात जागा



शाळेच्या पटावर नाव असते, पण बाकावर मूल नसते. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल, मूत्रपिंडाचे दुखणे अशा आजारांनी ज्या लेकरांना गाठले त्यांच्या बाबतीत हे महिनोन्‌महिने चालते. औषधांची सोय कशीबशी होते. पाहुणे फळे घेऊन येतात. मात्र ज्यांच्याबरोबर ते मूल खेळत होते ते सवंगडी हळूहळू येईनासे होतात. आजारापाठोपाठ एकटेपणही घरात मुक्कामाला येते. या एकटेपणावर परदेशात एक साधा उपाय केला जातो. महाविद्यालयाचा खेळाचा संघ आजारी मुलाला आपल्यातला एक खेळाडू म्हणून सामावून घेतो. आज आपण त्या उपायाचा अभ्यास करू आणि आपल्या बीड जिल्ह्यात तो कसा आणता येईल याचा विचार करू.

१. ही कल्पना कोठून आली?

२००४ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात जॅक्लिन मर्फी या नऊ वर्षांच्या मुलीच्या मेंदूत कर्करोगाची गाठ सापडली. तिला लॅक्रॉस हा खेळ आवडायचा. जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा आणि फेकायचा, असा हा खेळ आहे. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील मुलींच्या लॅक्रॉस संघाने तिच्याशी मैत्री जोडली. २००५ मध्ये त्या संघाने एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. या मैत्रीने आपल्या मुलीला किती बळ दिले हे पाहून तिच्या आईवडिलांनी 'फ्रेंड्स ऑफ जॅक्लिन' ही संस्था काढली. इतर आजारी मुलांनाही असेच संघ मिळावेत, हा तिचा हेतू.

२०११ साली बॉस्टन परिसरात 'टीम इम्पॅक्ट' ही संस्था सुरू झाली. तिने हेच काम अमेरिकाभर नेले आणि हजारो मुलांची संघांशी गाठ घालून दिली. तिची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. मुलाची रीतसर निवड होते. पत्रकारांसमोर ते मूल करारावर सही करते, त्याला संघाचा पोशाख मिळतो. मग सरावाला, सामन्यांना, संघाच्या जेवणाला ते हजर राहते. ही जोडी साधारण दोन वर्षांसाठी असते आणि प्रशिक्षित कार्यकर्ते कुटुंब व संघ या दोघांच्याही संपर्कात राहतात.

२. देणगी वेगळी, सोबत वेगळी

गंभीर आजारी मुलाची एखादी मोठी इच्छा पूर्ण करणाऱ्या संस्था आपल्याकडेही आहेत. 'मेक-अ-विश'चे काम भारतात १९९६ पासून चालू आहे. ते मोलाचेच आहे. एका दिवसाचा आनंद मूल जन्मभर जपते. पण संघात घेणे ही निराळी गोष्ट आहे. देणगीत एक देणारा असतो आणि एक घेणारा. संघात मात्र प्रत्येकाकडे काहीतरी काम असते. नाणेफेकीला कर्णधाराबरोबर जाणे, गुणफलक सांभाळणे, सरावाच्या फेऱ्या मोजणे ही कामे लहान असली तरी 'तू आला नाहीस तर आमचे अडेल' असे त्या मुलाला सांगणारी असतात. घरात सतत 'जपून, पळू नको' ऐकणाऱ्या लेकराला हे शब्द औषधासारखे लागू पडतात.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले. उपयोगापुरती मैत्री, मौजेपुरती मैत्री आणि समोरच्याचे भले व्हावे म्हणून केलेली मैत्री. तिसऱ्या मैत्रीला वेळ लागतो, बरोबर बसून मीठभाकर खावी लागते, असे तो म्हणतो. दोन वर्षांच्या मुदतीमागचे मर्म यातून कळते. लहान मुलांमध्ये जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचारही दोन ते तीन वर्षे चालतो. आजार जर इतका काळ थांबणार असेल, तर सोबतीनेही तितकेच थांबले पाहिजे.

३. महाराष्ट्रात काय आहे?

कर्करोग झालेल्या मुलांसाठी मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आधार आहे. पण गावाकडच्या कुटुंबाला उपचाराइतकीच राहण्याची चिंता असते. भाडे परवडत नाही, पदपथावर दिवस काढावे लागतात, आणि शेवटी उपचार अर्धवट सोडून लोक गावी परततात. म्हणून २००६ साली मुंबईत 'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' ही संस्था सुरू झाली. आशा संपली की आपण ज्या संताचा धावा करतो त्यांचे हे नाव. तेथे प्रत्येक कुटुंबाला विनामूल्य स्वतंत्र खोली मिळते, सामाईक स्वयंपाकघर असते, शिधा मिळतो, मुलांचे शिक्षण आणि समुपदेशन चालते. आता देशातील अनेक शहरांत तिची केंद्रे आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली मुलांच्या कर्करोगाविषयी जागतिक मोहीम सुरू केली. तिच्या सांगण्याप्रमाणे श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. निदान उशिरा होणे आणि उपचार मध्येच सुटणे ही त्याची दोन मोठी कारणे. म्हणजे मूल उपचाराला टिकून राहणे हा केवळ मनाच्या समाधानाचा प्रश्न नाही, जगण्या-मरण्याचा आहे. सोबत मिळाली की टिकून राहायला बळ येते.

आणि बरी झालेली मुले मैदानावरही येतात. २०१८ साली मॉस्को येथे कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांच्या क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा टाटा रुग्णालयातून गेलेल्या आपल्या देशाच्या मुलांनीही त्यांत भाग घेतला.

४. बीड जिल्ह्यात हे कसे जमेल?

खेळाडूंची आपल्याकडे वाण नाही. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे वीटभट्टीवर राबणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मले आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेस शर्यतीचे रौप्यपदक घेऊन आले. पाटोद्याकडचे राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक जिंकले. प्रत्येक महाविद्यालयात कबड्डीचा, खो-खोचा संघ आहे. राष्ट्रीय सेवा योजनाही आहे. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा द्यायची असते. येथेही मुदत दोनच वर्षांची! या तासांतील काही तास एका आजारी लेकरासाठी ठेवता येतील.

थॅलेसेमियाचे उदाहरण घेऊ. या आजारात शरीरात पुरेसे चांगले रक्त तयार होत नाही. मुलाला साधारण तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, म्हणजे वर्षातून तेरा ते सतरा वेळा. त्या रक्तातून शरीरात लोह साठते, ते काढण्यासाठी रोज औषध घ्यावे लागते. शासकीय नियमाप्रमाणे अशा मुलांना रक्त मोफत मिळते, बदली रक्तदात्याची अट नाही. पण रक्तपेढीत पिशवीच नसेल तर नियम काय करणार? उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुटीत महाविद्यालये बंद असतात, शिबिरे होत नाहीत, तेव्हा हीच अडचण येते.

आता हिशेब करा. कबड्डीच्या संघात बारा खेळाडू असतात. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या निरोगी मुलाला तीन महिन्यांनी व मुलीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. प्रत्येकाने वर्षातून दोनदाच दिले तरी २४ पिशव्या होतात. रक्तगट जुळायलाच हवा असे नाही. पेढीत रक्त जमा झाले की गरजेप्रमाणे त्याचा उपयोग होतो. एका लहान मुलाचे वर्ष एका संघाच्या बळावर निभावू शकते.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याचीच आहे. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आजारी मूल आजीजवळ राहते, किंवा बरोबर फडात जाते आणि रक्ताची तारीख चुकते. अशा आजीला एक दादा फोन करून तारखेची आठवण देईल, दुसरा मोटारसायकलवरून दोघांना दवाखान्यात नेईल, एखादी ताई रक्त चढेपर्यंत खाटेजवळ बसून अभ्यास घेईल. एवढ्यानेही ती तारीख पाळली जाईल.

२०१६ च्या कायद्यानुसार थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया हे दिव्यांगत्वात मोडतात. त्याचे प्रमाणपत्र काढण्यासाठी शिकलेल्या मुलांनी आईवडिलांना मदत करावी. शिवाय प्रत्येक खेळाडूने लग्नापूर्वी स्वतःची थॅलेसेमियाची तपासणी करून घ्यावी. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या, आत्याच्या घरी सोयरीक होणाऱ्या आपल्या समाजात हे विशेष ध्यानात ठेवावे.

५. काही पथ्ये

पहिले, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलाला मैदानावर नेऊ नये. कर्करोगाच्या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होते. साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतू शकते. ज्याला ताप-खोकला आहे त्याने त्या दिवशी भेटीला जाऊ नये. दुसरे, आईवडिलांच्या संमतीशिवाय फोटो काढू नयेत आणि मोबाइलवर पसरवू नयेत. आजार म्हणजे जाहिरात नव्हे. तिसरे, घरातल्या भावंडांना विसरू नये; आजाऱ्याच्या धावपळीत त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, निभावता येणार नसेल तर वचन देऊ नये. दोनदा येऊन गायब झालेला दादा न आलेल्या दादापेक्षा जास्त दुखावून जातो.

६. छप्पर उकलणारे चौघे

कफर्णहूम येथे पक्षाघाती माणसाला उचलून आणणारे चौघे आपल्याला ठाऊक आहेत (मार्क २:१-१२). गर्दीमुळे दार अडले, तेव्हा त्यांनी छप्पर उकलून बाज खाली सोडली. त्यांची नावे शुभवर्तमानात नाहीत. रोग बरा करणे त्यांच्या हातात नव्हते. चारही कोपरे एकाच वेळी धरून ठेवणे तेवढे त्यांच्या हातात होते, आणि प्रभू येशूने त्यांचा विश्वास पाहिला असे संत मार्क सांगतो.

सगळी मुले बरी होत नाहीत, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. एखाद्या संघावर आपल्या छोट्या खेळाडूला निरोप देण्याची वेळ येईल. वीस वर्षांच्या मुलांनी हे दुःख का ओढवून घ्यावे, असे पालक विचारतील. पण आपण गेलो नाही म्हणून ते मरण टळत नाही. ते मूल एकटे जाते, एवढाच फरक पडतो. ज्या तरुणांनी शेवटपर्यंत बाजेचा कोपरा सोडला नाही, ते पुढे चांगले नवरे, चांगल्या आया, चांगले डॉक्टर आणि चांगले शेजारी होतील.

आपल्या धर्मग्रामातील जे युवक-युवती महाविद्यालयाच्या संघातून खेळतात त्यांनी आपल्या क्रीडाशिक्षकांशी आणि सेवा योजनेच्या प्राध्यापकांशी बोलावे व नंतर मला येऊन भेटावे. सुरुवात एका संघाने आणि एका मुलाने केली तरी पुरे.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या गल्लीत, वाडीत दीर्घ आजारी असलेले मूल कोण आहे? त्याला आपण शेवटचे केव्हा भेटलो?
२. त्या मुलाला आपण काय देऊ शकतो, याबरोबरच ते मूल आपल्यासाठी कोणते काम करू शकेल?
३. दोन वर्षे टिकेल अशी कोणती एक गोष्ट आपले कुटुंब त्याच्यासाठी करू शकेल?