मातीतील कर्ब व त्याचा हिशेब
(इयत्ता ७ वी : सामान्य विज्ञान व गणित यांचा संयुक्त पाठ)

हेतू

घरी आलेला छापील कागद वाचून घेण्यासाठी गावकरी पुष्कळदा शाळेच्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे येतात. पूर्वी हा कागद सोसायटीच्या कर्जाचा किंवा तलाठ्याच्या नोटिशीचा असे. अलीकडे त्यांत ‘कार्बन क्रेडिट’च्या करारपत्राची भर पडू लागली आहे. अमुक रीतीने शेती केल्यास पैसे मिळतील, एवढे शेतकऱ्यास समजते. परंतु आपण विकतो ते नेमके काय, हे सही करणारास बहुधा उमगत नाही. मातीतील कर्ब कशाने वाढतो, कशाने घटतो व त्याचा हिशेब कसा मांडावा, हे विद्यार्थ्यास स्वतः करून पाहता यावे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

पूर्वतयारी

काचेच्या दोन बरण्या, पाणी, जाड जाळीचे दोन तुकडे आणि मातीची सारख्या आकाराची दोन ढेकळे. एक ढेकूळ दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या शेतातील असावे. दुसरे त्याच शेताच्या बांधावरील, गवताच्या मुळांजवळचे असावे. दोन्ही सावलीत चांगली वाळवावीत. शिवाय एखाद्या विद्यार्थ्याच्या घरची मृदा आरोग्य पत्रिका मागवून ठेवावी. ही पत्रिका देण्याची योजना केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केली.

प्रयोग

बरण्या पाण्याने भरून तोंडाशी जाळी बसवावी व दोन्ही ढेकळे एकाच वेळी पाण्यात बुडतील अशी जाळीवर ठेवावीत. काय होईल याचा अंदाज विद्यार्थ्यांनी आधी वहीत लिहावा. बहुधा शेतातील ढेकूळ लवकर विरघळून पाणी गढूळ होते, तर बांधावरील ढेकूळ बराच वेळ आकार धरून राहते. एखाद्या चिकण मातीत निराळे दिसल्यास ते लपवू नये. त्याचे कारण वर्गात शोधावे.

विवेचन

वनस्पती हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन अन्न तयार करतात. त्या अन्नाचा काही भाग मुळांवाटे मातीत उतरतो. त्यावर जिवाणू व बुरशी जगतात आणि त्यांच्या चिकट द्रव्याने मातीचे कण एकमेकांस धरून राहतात. अशा मातीत पाऊस मुरतो व ओल टिकते. नांगराने हे कण सुटे झाले म्हणजे आतील कर्ब उघडा पडतो, जिवाणू तो खातात आणि तो पुन्हा वायुरूपाने हवेत जातो. उष्ण हवामानात ही क्रिया अधिक वेगाने होते. मातीतील कर्ब म्हणजे कुलपातील ठेव नव्हे, तो झिरपणाऱ्या रांजणातील पाण्यासारखा आहे. भरणे थांबले की पातळी उतरते.

म्हणून पुनरुज्जीवक शेतीत माती कमीत कमी हलवावी, ती पाल्यापाचोळ्याने झाकलेली ठेवावी, जमिनीत जिवंत मुळे शक्य तितका काळ असू द्यावीत, पिकांची फेरपालट करावी व शेणखत घालावे, असे सांगतात. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथील श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी प्रचारात आणलेली ‘सगुणा राइस तंत्र’ ही भातपद्धती याचे जवळचे उदाहरण आहे. तीत चिखलणी व लावणी न करता गादीवाफ्यांवर बी टोकतात आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू देतात. मात्र नांगरट थांबली की तणाचा प्रश्न उभा राहतो व तणनाशक वापरावे लागते, ही दुसरी बाजूही सांगावी.

गणित

१ हेक्टर क्षेत्रातील १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती १,५०० घनमीटर भरते. तिचे वजन सुमारे २,००० टन धरावे. सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्यांवरून ०.५ टक्के झाला, तर ८ टनांचे १० टन होतात. म्हणजे वाढ २ टन. १२ भाग कर्बापासून ४४ भाग कार्बन डाय-ऑक्साइड होतो. म्हणून २ × ४४ ÷ १२ = सुमारे ७.३ टन. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डाय-ऑक्साइड. तेव्हा ही सुमारे ७ क्रेडिटे झाली. एवढी वाढ होण्यास पाच वर्षे लागली असे मानले, तर एकरी वर्षाकाठी जेमतेम अर्ध्या क्रेडिटाहून थोडे अधिक पडते. त्यातूनच मोजणी व तपासणीचा खर्च वजा होतो. क्रेडिटाचा दर स्थिर नसतो. तो करारपत्रातून घेऊन रक्कम विद्यार्थ्यांकडून काढवावी.

याउलट मुरलेला पाऊस, टिकलेली ओल व न वाहून गेलेली माती यांचा लाभ त्याच शेतास दरसाल मिळतो, आणि त्यासाठी कोणाची सही लागत नाही.

करारपत्र वाचताना

केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतील ऐच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा प्रसिद्ध केला. तरीही प्रत्येक कागद स्वतंत्रपणे वाचला पाहिजे. त्यात पुढील गोष्टी शोधाव्यात :

१. करार किती वर्षांचा आहे? मध्येच नांगरट करावी लागल्यास काय होईल?
२. मोजणी कोण करणार व खर्च कोणाचा?
३. विक्रीच्या रकमेपैकी शेतकऱ्याचा हिस्सा किती व तो केव्हा मिळणार?
४. जमीन सामाईक किंवा खंडाने असल्यास संमती कोणाकोणाची लागेल?
५. तेच शेत दुसऱ्या करारात गुंतलेले आहे काय? एकच क्रेडिट दोनदा विकता येत नाही.
६. पूर्वीपासून हीच पद्धत चालू असल्यास तिचा लाभ धरतात काय? बहुधा नव्याने केलेला बदलच मोजतात.

गृहपाठ

पत्रिकेतील सेंद्रिय कर्बाचा आकडा उतरून घ्यावा. सर्वसाधारण वर्गीकरणात ०.५० टक्क्यांहून कमी म्हणजे ‘कमी’ व ०.७५ टक्क्यांहून अधिक म्हणजे ‘जास्त’. त्यावरून आपल्या शेतात किती टन कर्ब आहे, ते काढावे व घरच्यांस समजावून द्यावे. ५ डिसेंबर या जागतिक मृदा दिनी हा प्रयोग पालकांसमोर करता येईल.

सही करावी की करू नये, हे सांगणे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु सही करणाऱ्या बापास त्याच्याच मुलीने हिशेब मांडून दाखविला, तर या पाठाचे सार्थक झाले असे समजावे.