इलमॅटिक : चाळीस मिनिटांचा एक अभ्यास

रॅप म्हटलं की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक म्हणजे "ह्यात गाणं कुठाय?" आणि दुसरी म्हणजे मान डोलावणं, शब्द कळोत न कळोत. ह्या लेखात आपण मधला रस्ता धरू. एकच अल्बम घेऊ, तो कसा बनला ते पाहू आणि लोकांनी त्याला काय मार्क दिले तेही तपासू. अल्बम आहे नॅस ह्या अमेरिकन रॅपरचा पहिला अल्बम, 'इलमॅटिक'. १९ एप्रिल १९९४ रोजी तो कोलंबिया रेकॉर्ड्सने बाजारात आणला. त्या दिवशी नॅसचं वय होतं २०, म्हणजे आपल्या थर्ड इयरच्या पोराएवढं.

माणूस आणि वस्ती

नॅसचं पूर्ण नाव नासिर जोन्स. वडील ओलू दारा हे जॅझ संगीतकार. नासिर वाढला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या 'क्वीन्सब्रिज हाउसेस' ह्या सरकारी वसाहतीत. १९३९ साली उभी राहिलेली ही वसाहत म्हणजे तीन हजारांहून जास्त घरं आणि सगळ्या इमारती एकसारख्या. १९८० च्या दशकात क्रॅक नावाच्या स्वस्त नशेने ती पोखरली. नासिरने आठवीनंतर शाळा सोडली. मे १९९२ मध्ये त्याचा जिवलग मित्र 'इल विल' वस्तीतच गोळीबारात गेला, आणि नासिरचा धाकटा भाऊ जखमी झाला.

तरीही हा अल्बम नुसता रडका नाही आणि नुसता फुशारकीचाही नाही, हे त्याचं वेगळेपण. त्या काळी कॅलिफोर्नियाचा 'गँगस्टा रॅप' जोरात होता. त्यात गाणारा बहुतेकदा गोष्टीचा हीरो असायचा. नॅस मात्र खिडकीत बसलेल्या माणसासारखा सांगतो. 'वन लव्ह' हे गाणं तर चक्क पत्र आहे, तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेलं. कोण भांडलं, कोणाचं पोर कोणासारखं दिसतं, अशा गल्लीतल्या खबरा. शेवटच्या भागात जेमतेम बारा वर्षांचा, धंद्यात उतरलेला पोरगा भेटतो. उपदेश फारसा नाही. पोराचं वय आणि त्याची भाषा ऐकूनच पोटात गोळा येतो.

शब्दांची जुळणी

आता थोडं तंत्र. साधं यमक ओळीच्या शेवटी येतं:

"मेसपुढे रांग मोठी, हातामध्ये ताटली छोटी."

हे झालं बालगीत. आता हेच असं म्हणून बघा:

"रांगेत रांगलो, वांगं पाहून पांगलो."

इथे एकच आवाज ओळीच्या पोटात चारदा आपटतो. ह्याला आतलं यमक म्हणू. राकिम नावाच्या रॅपरने १९८७ च्या सुमारास ही पद्धत रुळवली, आणि नॅसने ती पुढे नेली. त्याचं वाक्य ठेक्याच्या आवर्तनाबरोबर संपत नाही, पुढच्या आवर्तनात वाहत जातं, आणि यमकं मात्र बरोबर ठेक्यावर पडतात. त्यामुळे बोलणं बोलण्यासारखंच वाटतं. 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड' ह्या गाण्याचा पहिला अख्खा भाग एका दमात, एकाच टेकमध्ये रेकॉर्ड झाला, असं संगीतकार डीजे प्रीमियरने पुढे मुलाखतींत सांगितलं.

दहा सेकंदांचं मशीन

हा भाग खास इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी. हिप हॉपचं संगीत तेव्हा जुन्या रेकॉर्डमधले तुकडे उचलून बनायचं. ह्याला सॅम्पलिंग म्हणतात. 'द वर्ल्ड इज युवर्स' मधला पियानो अहमद जमालच्या १९७० च्या रेकॉर्डवरचा आहे, तर 'इट एन्ट हार्ड टू टेल' मध्ये मायकल जॅक्सनचं 'ह्यूमन नेचर' ओळखू येतं.

न्यूयॉर्कच्या संगीतकारांचं लाडकं मशीन होतं एसपी-१२००. ह्या अल्बमवरचे पीट रॉक आणि लार्ज प्रोफेसर दोघंही त्यात उस्ताद. सीडी म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. हे मशीन मात्र १२ बिट, सुमारे २६ किलोहर्ट्झ. नायक्विस्टचा नियम लावा, १३ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गायब. मेमरी एकूण दहा सेकंदांची! मग त्या काळच्या पोरांनी जुगाड काढला. ३३ आरपीएमची रेकॉर्ड ४५ वर फिरवून भरायची आणि मशीनमध्ये पुन्हा हळू करायची. ४५ भागिले ३३.३ म्हणजे १.३५. दहा सेकंदांत साडेतेरा सेकंदांचं संगीत बसलं. आवाज थोडा खरखरीत व्हायचा, पण तीच खरखर पुढे त्या काळाची ओळख बनली.

अल्बममध्ये एक छोटी प्रस्तावना आणि नऊ गाणी, एकूण चाळीस मिनिटांच्या आतबाहेर नाही, आतच. नऊ गाण्यांना पाच संगीतकार : डीजे प्रीमियर, लार्ज प्रोफेसर, पीट रॉक, क्यू-टिप आणि एल.ई.एस. पाहुणा रॅपर एकच, एझी. त्याच गाण्याच्या शेवटी ओलू दारांनी कॉर्नेट वाजवलंय. म्हणजे बापलेक एका रेकॉर्डवर.

निकाल लागला, पण कोणता?

हिप हॉपचं 'बायबल' समजल्या जाणाऱ्या 'द सोर्स' मासिकाने अल्बमला पाचपैकी पाच माइक दिले. नवख्या पोराला पैकीच्या पैकी! त्यावर बरीच चर्चा झाली, कारण पाच माइक देताना हे मासिक फार हात आखडता घ्यायचं.

आता दुसरी गुणपत्रिका. बिलबोर्डच्या यादीत अल्बम १२ व्या नंबरवर आला. पहिल्या आठवड्यात प्रती खपल्या ६० हजारांच्या आसपास. त्याच्या पाच महिने आधी आलेल्या स्नूप डॉगच्या पहिल्या अल्बमने पहिल्या आठवड्यातच आठ लाखांचा पल्ला ओलांडला होता. शिवाय नॅसच्या अल्बमच्या चोरट्या प्रती आधीच फिरत होत्या. एका गॅरेजमध्ये अशा ६० हजार कॅसेट सापडल्याचं कार्यकारी निर्माता एमसी सर्च सांगतो. पेन ड्राइव्हवरून गाणी वाटलेल्या आपल्यासारख्यांनी हा आकडा जरा लक्षात ठेवावा.

पाच लाखांचा 'गोल्ड' टप्पा १९९६ मध्ये आला, दहा लाखांचा 'प्लॅटिनम' २००१ मध्ये. २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात नॅसच्या नावाने हिप हॉप अभ्यासाची फेलोशिप सुरू झाली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत हा अल्बम घेतला. आठवीत शाळा सोडलेल्या पोराचा!

पण पाच माइकची किंमतही मोजावी लागली. १९९६ चा दुसरा अल्बम थेट पहिल्या नंबरवर आला, खप कितीतरी मोठा, तरी जाणकार म्हणाले, "पहिल्याची सर नाही." पुढे प्रत्येक अल्बमला हेच ऐकावं लागलं. २००१ मध्ये जे-झीने तर भर गाण्यात टोमणा मारला की ह्याच्या नावावर दमदार अल्बम एकच. विसाव्या वर्षी टॉप केलं की पुढे सगळे त्याच मार्कांशी तुलना करतात, हे आपल्याकडच्या बोर्डात आलेल्यांना वेगळं सांगायला नको. नॅस मात्र लिहीत राहिला. पहिलं ग्रॅमी त्याला मिळालं २०२१ मध्ये, 'किंग्ज डिसीज' ह्या अल्बमसाठी, म्हणजे पदार्पणानंतर २७ वर्षांनी.

मुंबईपर्यंत

ह्या गोष्टीचा एक धागा आपल्याकडे येतो. २०१९ च्या 'गली बॉय' चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत नॅसचं नाव आहे. त्याच वर्षी त्याच्या मास आपील कंपनीची भारतीय शाखा सुरू झाली, आणि अंधेरीच्या डिव्हाइनचा पहिला अल्बम 'कोहिनूर' तिच्यातर्फे आला. क्वीन्सब्रिज आणि मुंबईची चाळ-झोपडपट्टी एक नव्हे. पण आपल्या गल्लीबद्दल, आपल्याच बोलीत, गल्लीतली माणसं खोटी न करता सांगायचं, हा धडा दोन्हीकडे लागू पडतो.

तात्पर्य काय? 'सोर्स'चा निकालही खरा होता आणि दुकानातलाही. एकाने कारागिरी मोजली, दुसऱ्याने पहिल्या सात दिवसांची विक्री. टिकेल किती, हे मोजायचं मीटर १९९४ मध्ये दोघांकडेही नव्हतं. ते फक्त ऐकणाऱ्यांकडे असतं, आणि त्याचं रीडिंग यायला वर्षं लागतात. तेव्हा सबमिशन संपल्यावर एकदा हेडफोन लावा, दिवा मालवा आणि चाळीस मिनिटं सलग ऐका. पहिल्यांदा शब्द नाही कळले तरी चालेल. दुसऱ्यांदा मात्र 'वन लव्ह' शब्द समोर ठेवून ऐका.