उपग्रहाला कपाशी कशी दिसते?

पुण्यात हॉस्टेलच्या खोलीत बसून यवतमाळची कपाशी बघता येते, तीही फुकट! युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं दर पाच दिवसांनी मिळतात. एक पिक्सेल 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे एकराला साधारण 40 पिक्सेल.

निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड भरपूर परत फेकतं. या दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज, म्हणजे एनडीव्हीआय. इन्फ्रारेड 0.50 आणि लाल 0.10 असेल तर उत्तर 0.67, पीक जोमात. ऐन सप्टेंबरात 0.30 आणि 0.20 असेल तर उत्तर फक्त 0.20, तिथे झाडं विरळ आहेत किंवा सुकतायत.

पण कशामुळे, ते हा आकडा सांगत नाही. पावसाळ्यात ढग आले की चित्रात नुसता पांढरा रंग. आणि 2017 साली विदर्भात कहर करणारी गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत बसते. पानं हिरवीगार, एनडीव्हीआय उत्तम, आत सरकी पोखरलेली! तिच्यासाठी कामगंध सापळे लावावे लागतात, हिरवी बोंडं फोडून बघावी लागतात.

म्हणून मला वाटतं, शेताच्या कोणत्या कोपऱ्यात आधी जायचं एवढं उपग्रहाला विचारावं. पुढचं काम चिखलात पाय घालूनच. हा विषय प्रोजेक्टला घेणाऱ्यांनी शेतात एक चक्कर नक्की मारावी. नकाशावरचा हिरवा रंग म्हणजे घरात आलेला कापूस नव्हे!